पोटात घाल

५ जानेवारी

शाळेच्या जेवणघरात धाकटी बहीण माझ्या डाव्या हाताला बसायची. भोपळा तिच्या घशाखाली उतरायचा नाही, आणि ताटात शीतभर उरलेलंही सिस्टरना खपायचं नाही. सिस्टर पाठमोऱ्या झाल्या की धाकटीचं ताट हळूच माझ्या ताटाला येऊन टेकायचं. मी चमच्याने तिचा भोपळा ओढून घ्यायची आणि सिस्टर वळायच्या आत गिळूनही टाकायची. बोलायचं कुणीच नाही. टेबलाखाली तिचा पाय तेवढा माझ्या पायाला लागायचा. तो तिचा थँक्यू.

आज बसमधून उतरताना हे का आठवलं, कोण जाणे. धाकटीची लेक, माझी भाची, न्यायला आली होती आणि अगदी तिच्या आईसारखी, एक खांदा खाली टाकून उभी होती, म्हणून असेल.

तर आले बाई एकदाची. शाळेतली नोकरी संपून चार वर्षं झाली. एकटीच्या घरात भिंतींशी किती बोलणार? धाकटीला जाऊन आठ महिने झाले. भाचीचा नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा उगवतो. ती स्वतः सकाळी आठला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जाते ती सहाला परत. तिच्या साडेचार वर्षांच्या लेकीला सांभाळायला घरचं माणूस हवं होतं, आणि मला हाक मारणारं कुणीतरी हवं होतं. भाची म्हणाली, मावशी, तू आलीस, आता मी मरायला मोकळी. म्हटलं, आधी चहा टाक, मग मर.

नातीला सगळे ढब्बू म्हणतात. जन्मली तेव्हा गालांमागे डोळे दिसत नव्हते म्हणे. मला पाहिल्या पाहिल्या तिने विचारलं की तू कोण, आजीच्या खोलीत झोपणार का, तुझे दात निघतात का, आणि निघत असतील तर आत्ता काढून दाखवशील का. तोंडाचा पट्टा नुसता चालू. मी हसून हसून दमले.

७ जानेवारी

आज भाचीने मला स्वयंपाकघरातल्या यंत्राची दीक्षा दिली. सिंकच्या भोकाला काळ्या रबराची झडप आहे आणि खालच्या कपाटात दुधाच्या किटलीएवढं धूड टांगलेलं आहे. उरलंसुरलं भोकात सारायचं, ते दळून पाण्याबरोबर वाहून जातं. आधी गार पाणी सोडायचं, मग बटण दाबायचं, मग थोडं थोडं आत घालायचं. घरघर थांबून नुसतं गुंऽऽ ऐकू आलं की आत काही उरलं नाही असं समजायचं. तरी पंधरा आकडे मोजेपर्यंत पाणी चालूच ठेवायचं. तेल नको, हाडं नकोत, शेंगांच्या शिरा नकोत, त्या आत गुंडाळून बसतात. अडकलंच तर बटण बंद करून खालच्या भोकात सहाकोनी चावी फिरवायची आणि लाल कळ दाबायची. आठवड्यातून एकदा बर्फाचे खडे आणि लिंबाची सालं घातली की वास जातो. मी वहीत लिहून घेतलं. भाची म्हणाली, मावशी, परीक्षा नाही गं घेणार.

ढब्बूने त्याचं नाव घासोबा ठेवलंय. तिचं एकेक!

कपाटाच्या दाराला आतून धाकटीच्या हातचा कागद चिकटवलाय. सिस्टरनी घोटून घेतलेलं तेच उभं, टपोरं अक्षर. हेच सगळे नियम, आणि शेवटचा दोनदा अधोरेखित केलेला: ढब्बूचं ताट यात रिकामं करायचं नाही.

मी विचारलं तर भाची म्हणाली की आईचं शेवटी शेवटी असंच काहीतरी सुरू झालं होतं, मनावर घेऊ नकोस. तिला अन्न जाईनासं झालं होतं. सगळ्या तपासण्या झाल्या, भाचीने आईचं रक्त स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिलं, कुठेही काही नाही. आधी जेवण गेलं, मग आवाज गेला, मग ती गेली. मला तिने कळवू दिलं नाही. लेकीला शपथ घातली होती म्हणे, की ताईला बोलवायचं नाही.

हे काट्यासारखं सलतं. साठ वर्षं एका ताटात जेवल्यासारख्या राहिलो आणि शेवटी मी परकी झाले. पण आज सलायचं नाही, असं ठरवलंय.

१२ जानेवारी

छान बसली घडी. सकाळी ढब्बूला आंघोळ, मग दूध, मग आम्ही दोघी चित्रं काढतो. दुपारी जेवण. ती अर्धं जेवते, अर्धं उरवते. माझ्या ताटात काही उरत नाही. साठीनंतर सवय काय सुटणार? तिचंही मी संपवलं असतं, पण भाचीने बजावलंय की पोरांचं उष्टं खायचं नाही, पोरं म्हणजे जंतूंची पोती. माणसाने प्रयोगशाळेत काम केलं की मायेलाही भिंग लावतं.

मग ढब्बू स्टुलावर चढते, बटण दाबते आणि एक घास घासोबाचा म्हणत सगळं आत लोटते. धाकटीचा नियम आठवतो, पण इतक्या आनंदाने करते की मोडवत नाही.

एक गंमत. बटण बंद केल्यावर यंत्र थांबता थांबता गुणगुणतं. माझी वेणी घालताना धाकटी गुणगुणायची, आणि दर वेळी एकाच ठिकाणी येऊन अडकायची. अगदी तसंच. आज तीनदा चालू-बंद करून ऐकलं.

१९ जानेवारी

आमची आई म्हणायची, ज्याचं उष्टं खावं त्याचा स्वभाव लागतो. या यंत्राने इतकी वर्षं धाकटीचं उष्टं खाल्लंय. मग तिचा सूर लागला तर नवल काय, असं मी गमतीने मनाशी म्हटलं, आणि सिंकपाशी खुर्ची ओढून बसले. ढब्बू झोपली होती. लख्ख दुपार होती.

थांबता थांबता त्यातून स्पष्ट आलं, ताई.

मी हलले नाही. पुन्हा बटण दाबलं. ताई, पोटात घाल.

घडाघडा रडले. तिचाच आवाज, काही मोडलं-फुटलं की माझ्यामागे लपून म्हणायची तोच. मला बोलावलं नाही, त्याची क्षमा मागत होती ना? मी सिंकवर वाकून मोठ्याने म्हटलं, घातलं गं राणी, सगळं पोटात घातलं. मग ढब्बूचं दुपारचं जवळजवळ भरलेलं ताट त्यात रिकामं केलं. किती तरी वेळ ते गुणगुणत होतं.

आठ महिन्यांनी आज छातीवरचा धोंडा उतरला.

२७ जानेवारी

ढब्बू जेवत नाही. काल दोन घास, आज एक. फ्रॉक खांद्यावरून घसरतो. विचारते थोडं, बोलते थोडं. आज सबंध सकाळ तिने मला एकही प्रश्न विचारला नाही.

भाची म्हणते, दात येत असतील. साडेचाराव्या वर्षी?

मी रोज दुपारी सिंकपाशी बसते. धाकटी रोज तेच म्हणते आणि मी रोज तेच उत्तर देते. पण क्षमा एकदा केली की संपली ना? आज मी घातलं म्हटल्यावर आतून आलं, अजून.

आणि त्यानंतरचा आवाज धाकटीचा नव्हता. बोबडा होता. मावशीआजी, अजून नको, पुले. ढब्बू ताट सरकवताना जसं म्हणते तसं, तिच्याच 'र'च्या जागी 'ल'ने.

ढब्बू तेव्हा बाहेरच्या खोलीत होती. तोंड मिटून.

३१ जानेवारी

तीस वर्षं वर्गात उभी राहून मुलांना वाक्प्रचारांचे अर्थ सांगितले. पोटात घालणे म्हणजे क्षमा करणे. वाक्यात उपयोग करा. आणि साठी उलटल्यावर मला सरळ शब्दांचा सरळ अर्थ कळू नये?

ते क्षमा मागत नव्हतं. जेवण मागत होतं. माझ्या पोटात घाल, म्हणत होतं.

आता सगळं दिसतं. ज्याचं उष्टं ते खातं, त्याची भूक जाते. भूक गेली की जास्त उरतं, आणि जास्त उरलं की ते जास्त खातं. मग बोलणं जातं, आणि ते बोलू लागतं. भाची दुपारी इस्पितळात जेवते, रात्री उभ्याउभ्या एक पाव खाते, त्यात उरायचं काय? माझं ताट सिस्टरच्या धाकाने आजही लख्ख असतं. म्हणून आम्ही दोघी धडधाकट.

धाकटीने दोनदा अधोरेखित केलं होतं. मी वाचलं होतं. आणि तरी या हातांनी मी त्या लेकराचं ताट रोज —

३ फेब्रुवारी

भाचीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग माझी नाडी पाहिली. म्हणाली, मावशी, तूसुद्धा? आईनंतर आता तू नको गं. तिच्या डोळ्यांत माझ्यापेक्षा जास्त भीती होती, पण ती माझ्याबद्दलची भीती होती, यंत्राची नव्हे.

ढब्बूचं उरलेलं मी पिशवीत भरून खाली रस्त्यावरच्या पेटीत टाकून येते. संध्याकाळी भाची मात्र सवयीने आत लोटते. मी हात धरला तर रागावली. ढब्बूच्या कपात उरलेलं दूध मी ओतलं नाही तर ती ओतते.

डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे. वजन तेवढं तीन किलोने कमी.

६ फेब्रुवारी

भाची कामावर असताना मी प्लंबर बोलावला. पन्नाशीचा बुवा, मला आजी म्हणाला. यंत्र तपासून म्हणाला की आजी, हे नव्यासारखं चालतंय, कशाला काढता? म्हटलं, तुम्ही काढा. त्याने नट सैल केले, खाली बादली ठेवली आणि ते धूड उतरवलं. आत पाती स्वच्छ होती. एक कणसुद्धा नाही. तो म्हणाला, चाटूनपुसून ठेवलंय बघा.

दार उघडझाप करताना धाकटीचा कागद सुटून पडला. पाठीमागेही लिहिलेलं होतं. अक्षर वाकडंतिकडं, शेवटच्या दिवसांतलं.

ताईला बोलवू नका. ती कुणाचंही सगळं पोटात घालते.

मी तिथेच फरशीवर बसले. म्हणजे ती मला परकी समजली नव्हती. ती मला दारातच अडवत होती, मला वाचवत होती. अगं वेडे, एक पत्र तरी.

प्लंबर घाबरला. त्याने पेल्यात पाणी दिलं आणि उरलेलं भिंतीतल्या नळीत ओतलं. उघड्या नळीतून खोल कुठून तरी आलं, अजून. तो म्हणाला, नळीत हवा असते आजी. पण चहा न घेता गेला, आणि आपला पाना विसरून गेला.

तोंड काढलं. पोट तसंच आहे.

९ फेब्रुवारी

भाचीने नवीन यंत्र बसवून घेतलं. जुन्यापेक्षा मोठं. म्हणाली, घरात वास येतोय, लेक आजारी आहे, आणि तू हे काय चालवलंयस?

ढब्बूने आज पाणीही नको म्हटलं. मानेने.

१२ फेब्रुवारी

ढब्बू इस्पितळात आहे. तिसरा दिवस. हाताला सलाइन. भाची तिच्यापाशी, मी घरी डबे करायला. घरापासून इतक्या लांब, तरी तिला घास जात नाही. म्हणजे पळून उपयोग नाही. जे गेलं ते इथे आहे, या नळीत.

सकाळी मी गेले होते. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. तिला ढब्बू म्हणून हाक मारायला जीभ वळेना.

परत आले, सिंकवर वाकले आणि विचारलं, काय घेशील तिच्या बदल्यात?

उत्तर धाकटीच्या आवाजात आलं. ताई, तू कधीच काही उरवलं नाहीस.

१३ फेब्रुवारी

भात, भाजी, एक अंडं. स्वतःसाठी नीट वाढून घेतलं. एक घास खाल्ला. बाकीचं ताट उचललं. गार पाणी. बटण.

आयुष्यात पहिल्यांदा ताटात टाकलं.

ओतताना म्हटलं, माझं घे, तिचं दे.

चार वाजता भाचीचा फोन. ढब्बूने बिस्किट मागितलंय.

१७ फेब्रुवारी

ढब्बू घरी आली. दोनदा जेवली! सलाइनची सुई कुठे जाते, रात्री सुई एकटी झोपते का, सगळं विचारून झालं. मी तिचं ताट धुवायच्या आधी पुसून घेते, आणि तो कागद पिशवीत.

मला चव लागत नाही. चालेल. घासभर खाते, बाकीचं त्याला.

धाकटीनेही हेच केलं असणार. एकटीने, मुकाट्याने. आणि मी तिच्यावर रुसून बसले होते.

२१ फेब्रुवारी

आवाज बसलाय. भाची म्हणते, मिठाच्या गुळण्या कर. रक्त तपासलं. सगळं उत्तम.

पायऱ्या चढवत नाहीत.

ढब्बूचे गाल भरताहेत. बघत बसते नुसती. हे पुरे आहे मला.

२५ फेब्रुवारी

आवाज गेला. सगळा. पाटीवर लिहून दाखवते. ढब्बूला वाचता येत नाही, म्हणून मी तिला चित्रं काढून सांगते. ती म्हणते, मावशीआजी, तुझं बटण कुणी बंद केलं?

भाचीने रजा काढली. माझे पाय चेपत बसते. म्हणते, तू म्हणालीस ते खरं होतं का गं? मी पाटीवर हो लिहिलं. तिने पुसलं. मग बराच वेळ पुसत राहिली.

२८ फेब्रुवारी

आज ते माझ्या आवाजात बोललं.

मला पलंगावरून ऐकू आलं. ढब्बू हात धुवायला गेली होती. ते म्हणालं, माझं सोनं ते. मी म्हणते तसंच. ती खुदकन हसली —

मी समजत होते की मी गेले की संपलं. नाही. मी त्याला नुसते घास दिले नाहीत. मी त्याला हाक दिली. धाकटीच्या आवाजाला मी भुलले. ढब्बू माझ्या —

१ मार्च

पाटीवर लिहिलं: ढब्बूला घेऊन घर सोड. आजच. भाची म्हणाली, तुला अशी टाकून? डॉक्टर उद्या संध्याकाळी येणार आहेत, मग ठरवू. पुन्हा लिहिलं, आजच. तिने माझा हात हातात घेतला, म्हणाली बरं, उद्या.

उद्या —

२ मार्च

दुपारचे तीन. भाची माझं औषध आणायला खाली गेली आहे. अर्ध्या तासात येते म्हणाली. ढब्बू बाहेर चित्र काढते आहे. मला तिची पाठ दिसते. तोवर हे लिहून टाकते. हात चालतोय अजून.

ही वही भाचीला. सगळी वाच, बाळ. भिंग लावून वाच.

शिवणयंत्र समोरच्या घरातल्या बाईंना. त्यांच्याकडे दोन मुली आहेत.

पुस्तकं माझ्या शाळेला. शब्दकोश सोडून. तो ढब्बूला, मोठी झाल्यावर.

प्लंबरचा पाना त्याला परत. त्याला सांगायचं, नळी मुळापासून तोडून बुजव. यंत्र नव्हे. नळी.

मनगटी घड्याळ भाचीला. दोन बांगड्या ढब्बूला, आत्ताच घालू नका, हात बारीक —

ढब्बू उठली.

स्वयंपाकघरातून हाक आली. माझी हाक. ये गं राणी, जरा इकडे ये.

ती म्हणते आहे आले हं मावशीआजी. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं तरी मी काय — ओठ हलवते आहे नुसते —

पेला ढकलला. फुटला. ती तिकडून म्हणाली, काय पडलं गं? तर ते म्हणालं, काही नाही, तू ये.

पाय जमिनीला लागत नाहीत. उतरते. घसरत जाईन.

स्टूल सरकवल्याचा आवाज.

पाणी सोडलं.

जो कोणी हे वाचेल त्याने तिला सांगावं, ती हाक माझी न